वैद्याचा दवाखाना आणि शहराचा आराखडा

दवाखाना कोठे असावा, हा प्रश्न एके काळी वैद्याच्या सोयीचा आणि रुग्णाच्या सवयीचा होता. घराच्या पुढच्या खोलीत बैठक, मागच्या पडवीत खलबत्ता आणि काढ्याची चूल, ओसरीवर वाट पाहणारे रुग्ण, अशी व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली आणि तीत कोणाला वावगे वाटले नाही. आज तोच प्रश्न नगररचनेचा झाला आहे. जमीन कोणत्या विभागात मोडते, रस्ता किती मीटर रुंद आहे, वाहने कोठे उभी राहतात, मंजूर नकाशात त्या खोलीचा वापर काय दाखविला आहे, या गोष्टींवर दवाखान्याचे भवितव्य ठरू लागले आहे. म्हणून या विषयाचा विचार आपल्या व्यवसायबंधूंनी शांतपणे आणि वेळेवर करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अकोल्याच्या जठारपेठेचा परिसर या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. रामदासपेठ, रतनलाल प्लॉट, सातव चौक या भागांप्रमाणे येथेही निवासस्थाने, दवाखाने, रुग्णालये, औषधांची दुकाने आणि तपासणीच्या प्रयोगशाळा एकमेकांना खेटून उभ्या आहेत. अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी, मूर्तिजापूर या तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णाला एका फेरीत वैद्य, तपासणी आणि औषध या तिन्ही गोष्टी मिळतात, ही या दाटीची जमेची बाजू. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा चार पावलांवर असलेला दवाखाना वृद्ध रुग्णाला केवढा आधार वाटतो, हे येथील प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फाटकासमोर लावलेल्या दुचाक्या, गल्लीत वळू न शकणारी रुग्णवाहिका, रात्री-अपरात्रीची वर्दळ आणि कोपऱ्यावर टाकलेला कचरा यांमुळे शेजारच्या कुटुंबाला होणारा त्रास काल्पनिक नाही. नगरपालिकेच्या सभागृहात या विषयावर वाद होतो, तेव्हा त्या वादाला दोन प्रामाणिक पक्ष असतात, हे आपण आधी मान्य करावयास हवे.

नियम कोठे ठरतो?

वाद शहरात होतो, पण नियमाचा बराचसा भाग शहरात ठरत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. या विषयाचा मूळ कायदा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आहे. या अधिनियमान्वये महानगरपालिका हे नियोजन प्राधिकरण असते. ती विकास योजनेचा मसुदा तयार करते, त्यावर हरकती व सूचना मागविते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. 'विकास' या शब्दाची या अधिनियमातील व्याख्या व्यापक आहे. केवळ नवे बांधकाम म्हणजे विकास नव्हे. इमारतीच्या वा जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही विकासच ठरतो आणि त्यालाही परवानगी लागते. राहत्या घराचा पुढचा भाग दवाखान्यासाठी वापरताना एक वीटही हलविलेली नसली, तरी कायद्याचा संबंध येऊ शकतो तो यामुळे.

अकोला महानगरपालिका १ ऑक्टोबर २००१ रोजी अस्तित्वात आली. अमरावतीची महानगरपालिका त्याआधीची, १९८३ ची. पूर्वी प्रत्येक शहराची विकास नियंत्रण नियमावली वेगवेगळी असे. एका शहरात चालणारी गोष्ट दुसऱ्या शहरात अडे. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली आणि बृहन्मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता जवळजवळ सर्व राज्याला एकच नियमावली लागू झाली. या नियमावलीत निवासी विभागाचे रस्त्याच्या रुंदीवरून दोन वर्ग पाडले आहेत. अरुंद रस्त्यावरील निवासी भूखंडांवरही वैद्यकीय व्यावसायिकाच्या दवाखान्याला स्थान आहे. रस्ता रुंद होत जातो, तशी मान्य वापरांची यादी वाढत जाते. म्हणजे वैद्याचा दवाखाना हा निवासी वस्तीत उपरा नाही, हे तत्त्व राज्याने स्वीकारले आहे. शहराच्या हाती उरते ते या तत्त्वाची अंमलबजावणी, वाहनतळाचा आग्रह, विकास योजनेतील आरक्षणे आणि आवश्यक तेथे नियमात फेरबदल सुचविण्याचा अधिकार. अकोल्यात मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला आणि त्यानंतरचा दीर्घ काळ लोकनियुक्त सभागृहाविनाच गेला. असे नियम जेव्हा सभागृहातील चर्चेविना केवळ कार्यालयीन टिपणीवर चालतात, तेव्हा व्यवसायाने आपली बाजू लेखी मांडण्याचे महत्त्व अधिकच वाढते.

न्यायालयांनी काय सांगितले?

'आम्ही व्यापारी नाही, मग आम्हांला व्यापारी वापराचे नियम का?' हा प्रश्न आपल्या बैठकांत नेहमी विचारला जातो. त्याला आधार नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉ. देवेंद्र सुरती यांच्या खटल्यात, मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८ च्या संदर्भात, डॉक्टरचा खासगी दवाखाना ही 'व्यापारी संस्था' नव्हे, असा निर्णय दिला. व्यक्तीच्या बुद्धीवर आणि कौशल्यावर चालणारा व्यवसाय हा भांडवल व श्रम यांच्या सहकार्याने चालणाऱ्या व्यापाराहून निराळा, हे त्या निर्णयाचे सूत्र. पुढे विधिमंडळाने व्याख्या बदलल्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या अधिनियमात तर वैद्यकीय व्यावसायिकाची संस्था, दवाखाना व रुग्णालयासह, 'आस्थापना' या व्याख्येत स्पष्टपणे आली.

शिवाय तो खटला कामगारविषयक कायद्याचा होता. जमिनीच्या वापराचा प्रश्न वेगळ्या कसोटीवर तपासला जातो. दिल्लीत फेब्रुवारी २००६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवासी इमारतींतील अनधिकृत व्यापारी वापराला टाळे ठोकण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा सारे शहर ढवळून निघाले. त्यानंतर ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहत् आराखड्यात संमिश्र वापराचे स्वतंत्र प्रकरण आले. राहत्या घरात चालणारा डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांचा व्यवसाय एका बाजूला आणि रस्त्याची रुंदी व अन्य अटी पाळून चालणारी शुश्रूषागृहे दुसऱ्या बाजूला, असा भेद त्यात केला गेला.

नोएडाच्या प्रकरणात हा भेद अधिक ठसठशीत झाला. ५ डिसेंबर २०११ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने निवासी सेक्टरांतील बँका व शुश्रूषागृहे तेथून हलविण्याचा आदेश दिला. मात्र डॉक्टर, वकील व वास्तुविशारद यांना आपल्या निवासस्थानाच्या तळमजल्यावरील तीस टक्के क्षेत्र व्यवसायासाठी वापरण्याची मुभा ठेवली. एकाच निर्णयात एक वैद्यकीय वापर गेला आणि दुसरा राहिला. दोन्ही ठिकाणी डॉक्टरच होते, दोन्ही ठिकाणी रुग्णसेवाच होती. फरक होता तो जागेवर पडणाऱ्या भाराचा. रस्ता अडविणारे वाहन रुग्णाचे आहे की ग्राहकाचे, हे रस्त्याला कळत नाही. म्हणून व्यवसायाच्या प्रतिष्ठेवर आधारलेला युक्तिवाद नगररचनेच्या दारात अपुरा पडतो. तेथे भाराचे माप सांगावे लागते.

आपल्या ग्रंथांतील कसोटी

हे माप आयुर्वेदाला नवे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा, उपकल्पनीय अध्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. रुग्णासाठी बांधावयाचे घर भक्कम असावे, वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित पण एका बाजूने हवा खेळती असलेले असावे, तेथे सुखाने वावरता यावे, धूर, ऊन, पाणी, धूळ आणि नकोसा आवाज यांचा उपसर्ग नसावा, पाण्याची सोय, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानगृह व स्वयंपाकघर असावे, आणि त्याची आखणी वास्तुविद्येच्या जाणकाराने करावी, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुतानेही व्रणितोपासनीय अध्यायाचा आरंभ व्रणी रुग्णाच्या निवासाच्या व्यवस्थेनेच केला आहे.

या वर्णनाचा अभिमान आपण नेहमी बाळगतो. परंतु त्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. चरकाने हे सारे मागितले आहे ते वमन-विरेचनासाठी. नाडी पाहून चूर्ण वा काढा सांगणाऱ्या वैद्याकडून त्याने असे घर मागितलेले नाही. जेथे शोधनकर्म होणार, रुग्णाची शक्ती क्षीण होणार, उपद्रव उद्भवण्याची शक्यता असणार, परिचारक आणि संभार सज्ज लागणार, तेथेच वास्तूचे नियम कडक. कर्म जितके जड, तितकी जागेची अपेक्षा मोठी, हे सूत्र त्यातून निघते. त्याच अध्यायाच्या शेवटी दरिद्री रुग्णाचाही विचार आहे. सर्व साधने सर्वांपाशी नसतात आणि दारुण रोग दरिद्र्यालाही होतात. म्हणून आपत्काळी जे शक्य असेल त्यानिशी त्याची चिकित्सा व्हावी, असा तेथील अभिप्राय आहे. नियम करणाऱ्यांनी आणि नियम पाळणाऱ्यांनी ही दोन्ही टोके एकत्र ध्यानात ठेवावीत.

आधुनिक संहितेचा दृष्टिकोनही याहून फार वेगळा नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ मध्ये डॉक्टरांच्या व्यावसायिक कार्यालयाची गणना वकील व वास्तुविशारद यांच्या कार्यालयांबरोबर होते. रुग्णालये व शुश्रूषागृहे मात्र संस्थात्मक इमारतींच्या वेगळ्या गटात येतात, कारण तेथील माणसे संकटसमयी स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकतीलच असे नाही.

पंचकर्म केंद्र कोठे बसते?

आमच्या मते खरी अडचण येथे आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे असतात: एक टेबल-खुर्चीचा दवाखाना आणि दुसरे खाटांचे रुग्णालय. पंचकर्म केंद्र या दोहोंच्या मध्ये उभे आहे. सकाळी आलेला रुग्ण स्नेहन, स्वेदन, बस्ती वा शिरोधारा घेऊन, घटकाभर विश्रांती घेऊन दुपारी घरी जातो. तो रात्री राहत नाही, म्हणून ते रुग्णालय नाही. तरीही द्रोणी आहे, पेटीस्वेदाची वाफ आहे, तेल तापविण्यासाठी शेगडी आणि सिलिंडर आहे, परिचारक आहेत. म्हणून ते केवळ सल्ल्याचे ठिकाणही नाही.

अशा केंद्राला दवाखाना म्हटले, तर आग, वाफ आणि सांडपाणी यांचा विचारच होत नाही. शुश्रूषागृह म्हटले, तर अरुंद रस्त्यावरील दोन द्रोणींच्या केंद्राकडून पन्नास खाटांच्या इमारतीएवढ्या अटींची अपेक्षा होते आणि ते बंद पडते. सौंदर्यप्रसाधनाच्या वा मालिशच्या दुकानांत त्याची गणना केली, तर शास्त्राचा अवमान होतो आणि नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीची अटही गळून पडते. तिन्ही वर्गीकरणे चुकीची. आणि योग्य वर्गीकरण सुचविणे हे नगररचनाकाराचे नव्हे, आपले काम आहे. द्रोणी म्हणजे काय आणि तीतून दिवसाला किती तेलकट पाणी नालीत जाते, हे त्याला आपणच सांगितले पाहिजे.

यासाठी तीन पायऱ्यांची रचना आम्ही सुचवितो.

पहिली पायरी सल्ला आणि औषध यांची. एक वा दोन नोंदणीकृत वैद्य, खाट नाही, शोधनकर्म नाही. असा दवाखाना कोणत्याही निवासी गल्लीत चालावा. प्रतीक्षेची जागा आवाराच्या आत असावी आणि फलक माफक असावा, एवढ्या अटी पुरेत.

दुसरी पायरी दिवसभराच्या कर्मांची. येथे तळमजला हवा, कारण स्वेदनानंतर थकलेल्या रुग्णाने जिना उतरणे इष्ट नाही. बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा हवा, शेगडी व सिलिंडर रुग्णकक्षाबाहेर हवेत, तेलकट पाणी नालीत जाण्यापूर्वी स्नेह अडविणारी कुंडी हवी आणि द्रोणींच्या संख्येच्या प्रमाणात वाहनांची जागा हवी. या अटी पाळणाऱ्या केंद्रास निवासी विभागात मज्जाव नसावा.

तिसरी पायरी आंतररुग्णांची. रात्री रुग्ण राहत असेल, तर रुंद रस्ता, रुग्णवाहिकेचा मार्ग, अग्निशमनाची पूर्ण व्यवस्था आणि शुश्रूषागृह म्हणून नोंदणी, यांत सवलत मागू नये. पॅथी कोणतीही असो, झोपलेल्या रुग्णाला आग सारखीच भाजते.

सवलतीबरोबर जबाबदारी

हे शेवटचे वाक्य आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. नोएडाच्या निर्णयानंतर चारच दिवसांनी, ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे, कोलकात्यातील आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वाहनतळासाठी असलेल्या त्या तळघरात सामान साठविले होते. धूर वरच्या मजल्यांवर गेला आणि नव्वदहून अधिक माणसे दगावली. आपल्या विदर्भातच ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बालके मृत्युमुखी पडली. 'वाहनतळाची जागा वाहनतळासाठीच' हा नियम नगररचनाकाराचा हट्ट वाटतो, पण कोलकात्यात त्याची किंमत माणसांच्या जीवाने मोजली गेली आहे.

म्हणून सभागृहात आपली बाजू मांडण्याआधी पुढील गोष्टी आपापल्या ठिकाणी तपासून घ्याव्यात, अशी व्यवसायबंधूंना विनंती आहे. महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावलेले असावे. मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती जवळ असाव्यात. जागा भाड्याची असेल, तर मालकाकडून त्या मिळवून ठेवाव्यात आणि भाडेकरारात वापराचा स्पष्ट उल्लेख असावा. रुग्ण रात्री राहत असतील, तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालील नोंदणी चालू असावी. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चा अधिनियम आणि त्याखालील २०२१ मध्ये सुधारलेले नियम पाहावे लागतात, आणि शहरात त्यांची अंमलबजावणी महानगरपालिकाच करते. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ ज्या इमारतींना लागू आहे, तेथे यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावयाचे असते.

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आयुष संस्थांनाही लागू आहेत. खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मात्र ते एकदाच घ्यावयाचे असते. जलौकावचारणानंतरचा रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि सिरावेधाची सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. 'आमच्याकडे फक्त काढे आणि चूर्णे असतात' हे उत्तर रक्तमोक्षण करणाऱ्या वैद्याला शोभत नाही.

हरकत कशी घ्यावी?

विकास योजनेचा मसुदा किंवा नियमातील फेरबदल प्रसिद्ध होतो, तेव्हा राजपत्रात व वृत्तपत्रांत सूचना येते आणि हरकती व सूचनांसाठी मुदत दिली जाते. अधिनियमाच्या कलम २८ नुसार या हरकती नियोजन समितीपुढे जातात. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले, चारांपेक्षा अधिक नसलेले तज्ज्ञ असतात. हरकत घेणाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करावयाचा असल्यास कलम ३७ चा मार्ग आहे. त्यातही जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात आणि अंतिम शब्द शासनाचा असतो. मुदत संपल्यावर काढलेला मोर्चा वृत्तपत्रात छापून येतो, पण धारिकेत त्याची नोंद राहत नाही. मुदतीत दिलेला एक पानी अर्ज धारिकेत राहतो.

हा अर्ज भावनेचा नसावा. गल्लीचे नाव, रस्त्याची रुंदी, दवाखाना किती वर्षांपासून चालू आहे, दररोज किती रुग्ण येतात, त्यांपैकी किती पायी येतात, किती द्रोण्या आहेत, वाहने कोठे उभी राहतात, ही माहिती प्रत्येकाने आपल्या नोंदवहीतून काढून द्यावी. शक्य असेल तर शेजाऱ्यांची संमतीही जोडावी. ज्या वैद्याच्या दवाखान्याबद्दल शेजारच्या चार घरांनी चांगला शब्द दिला आहे, त्याला कोणतेही सभागृह सहज उठवू शकत नाही. संघटनेने या माहितीचे तालुकावार संकलन करून एकच निवेदन द्यावे आणि त्यात तीन पायऱ्यांची रचना, तसेच जुन्या दवाखान्यांना सुधारणांसाठी पुरेशी मुदत, या दोन मागण्या अग्रभागी ठेवाव्यात.

नियमांची आखणी चुकली, तर मोठी रुग्णालये टिकतील; रुंद रस्त्यावरची जागा त्यांना परवडते. बंद पडेल तो गल्लीतला दवाखाना, जेथे म्हातारी माणसे काठी टेकीत येतात, उधारीवर काढा नेतात आणि येता-जाता नाडी दाखवून जातात. त्यांना दूरच्या रस्त्यावरील दुसरा दवाखाना शोधावा लागणार नाही, ते औषध घेणेच सोडून देतील. त्यांच्या वतीने बोलणारा दुसरा कोणी सभागृहात असेलच असे नाही. ते काम आपणांस करावयाचे आहे, आणि त्यासाठी आपल्या दवाखान्याची रुंदी, लांबी आणि भार स्वतःच मोजून ठेवणे ही पहिली पायरी आहे.